दिवाळीचे पिलू, होळीची मात्रा : श्वानांतील सांसर्गिक श्वसनविकारांचा प्रतिबंध

गाईने रवंथ थांबविली किंवा शेळीच्या नाकातून शेंबूड वाहू लागला, तर शेतकऱ्याच्या ते त्याच दिवशी लक्षात येते. कुत्रा खोकू लागला, तर मात्र ‘थंडी बाधली असेल’ किंवा ‘घशात हाड अडकले असेल’ असे म्हणून आठवडाभर वाट पाहिली जाते. त्या आठवड्यात तो वस्तीवरील इतर कुत्र्यांबरोबर खातो, पितो, झोपतो. पुढे एखादे पिलू मरते, दुसऱ्याला आकडी येते, आणि तोवर मूळ खोकल्याची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

शेतावरचा श्वान हा हौसेचा प्राणी नव्हे. रात्री गोठ्याची राखण, रानडुकरांपासून पिकाचे रक्षण, मेंढ्यांच्या वाड्यावरील पहारा ही कामे तो करतो. तामिळनाडूतील राजपालयम व चिप्पीपराई आणि कर्नाटकातील मुधोळ हाउंड या देशी जातींची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केली आहे, म्हणजे पशुधनाच्या अधिकृत यादीत श्वानालाही जागा मिळाली आहे. लसीकरणाच्या नियोजनात ती जागा अद्याप मिळालेली नाही. ग्रामीण श्वानाला बहुधा रेबीजची एक सुई मिळते आणि मालक समाधानाने सांगतो, ‘लस दिली आहे.’ रेबीजची लस अत्यावश्यक आहेच. परंतु श्वसनमार्गाच्या एकाही संसर्गापासून ती संरक्षण देत नाही, ही गोष्ट विस्तार कार्यकर्त्याने प्रत्येक भेटीत सांगितली पाहिजे.

एकच खोकला, दोन निराळी प्रकरणे

श्वानांमधील सांसर्गिक खोकल्यामागे अनेक जंतू असतात आणि ते सहसा एकेकटे येत नाहीत. पॅराइन्फ्ल्युएन्झा विषाणू, अ‍ॅडिनोव्हायरस-२, श्वसनमार्गाचा कोरोनाव्हायरस, बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका नावाचा जीवाणू आणि मायकोप्लाझ्मा हे त्यांतील नेहमीचे सोबती. विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर खरवडले की जीवाणूंना वाट मोकळी होते. या मिश्र आजाराला ‘केनेल कफ’ म्हणतात, कारण अनेक कुत्री एकत्र ठेवलेल्या जागी तो झपाट्याने पसरतो. संसर्गानंतर साधारण तीन ते दहा दिवसांत कोरडा, कर्कश, भोंग्यासारखा खोकला सुरू होतो. उबळ आली की कुत्रा मान पुढे ताणतो, शेवटी ओकारी काढल्यासारखे करतो आणि थोडासा पांढरा फेस टाकतो. गळपट्टा ओढला गेला किंवा कुत्रा धावला की उबळ वाढते. एवढे सोडले तर तो खातो, खेळतो, भुंकतो. धडधाकट प्रौढ कुत्रा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो.

दुसरे प्रकरण डिस्टेंपरचे. तेही सर्दी-खोकल्यानेच सुरू होते आणि गफलत तेथेच होते. संसर्गानंतर आठवड्याच्या आत एकदा ताप येतो व उतरतो. तो कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे ताप परत येतो, डोळ्यांना चिपडे येतात, नाकातून आधी पाण्यासारखा आणि मग पिवळट घट्ट स्राव वाहतो, खोकला ओला होतो, अन्नावरची वासना जाते. उलट्या व जुलाब जोडीला येतात. काही पिलांच्या पोटाच्या उघड्या कातडीवर पुवाच्या पुळ्या उठतात, काहींच्या नाकाचे टोक व तळपायाच्या गाद्या कडक होऊन भेगाळतात. यातून वाचला असे वाटत असतानाच, दोन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा, विषाणू मज्जासंस्थेत पोहोचल्याची चिन्हे दिसू लागतात: एखाद्या पायाचे वा जबड्याचे लयीत फुरफुरणे, चघळल्यासारखी आकडी, मागच्या पायांतील शक्ती जाणे. विषाणू मारणारे खात्रीचे औषध या आजारावर नाही. उपचार असतात ते शरीराला आधार देण्यासाठी आणि मागून आलेल्या जीवाणूंना आवरण्यासाठी. वाचलेल्या पिलाच्या दातांचे वेष्टन पुष्कळदा खडबडीत व खड्डेदार उगवते. प्रौढ कुत्र्याच्या तोंडात असे दात दिसले, तर लहानपणी तो या आजारातून गेला असण्याची शक्यता धरावी.

पहिल्या दोन-तीन दिवसांत या दोन्ही आजारांतील फरक घरच्या घरी सांगता येईलच असे नाही. तरी तीन गोष्टी पाहाव्यात. श्वानाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यावर गेले तर तो साधा खोकला समजू नये. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीसपेक्षा अधिक वेळा चालत असेल, तर फुप्फुसे गुंतली असण्याचा संभव आहे. आणि वय सहा महिन्यांच्या आत असेल, तर इतर काहीही न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

श्वानांचा इन्फ्ल्युएन्झा हा तिसरा आजार. त्याचा एच३एन८ हा प्रकार घोड्यांकडून कुत्र्यांत आला आणि २००४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात शर्यतीच्या कुत्र्यांत ओळखला गेला. एच३एन२ हा प्रकार पक्ष्यांकडून आला व पूर्व आशियात पसरला. परदेशातून श्वान आणणाऱ्या पैदासकारांनी त्याची जाणीव ठेवावी. शेतावरच्या श्वानासाठी आज खरी लढाई डिस्टेंपरशी आहे.

बुळकांडीचा भाऊबंद

जुन्या पिढीतील शेतकऱ्यांना डिस्टेंपर समजावून सांगण्याचा सोपा मार्ग म्हणजे बुळकांडीची आठवण करून देणे. गुरांची बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, माणसांचा गोवर आणि श्वानांचा डिस्टेंपर हे एकाच घराण्यातील विषाणूंचे आजार आहेत. श्वासावाटे प्रवेश, ताप, डोळ्या-नाकांतून स्राव, मग आतड्यांचा दाह आणि प्रतिकारशक्तीची पडझड हा क्रम त्या घराण्याचा आहे. (डिस्टेंपर माणसाला होत नाही, हे लगोलग सांगावे, नाहीतर घरातील लहान मुलांच्या काळजीने आजारी कुत्रा रस्त्यावर सोडला जातो.) बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. डिस्टेंपरच्या बाबतीत ते सोपे नाही, कारण हा विषाणू फक्त कुत्र्यांत राहत नाही. कोल्हे, लांडगे, खोकड, उदमांजरे, वाघ-सिंह अशा अनेक मांसाहारी प्राण्यांना तो होतो.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातमधील गीर पूर्व वनविभागाच्या दलखाणिया परिक्षेत्रात सिंह मरू लागले आणि काही आठवड्यांतच मृतांची संख्या २३ झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू आढळला. सर्वच मृत्यू या एका कारणाने झाले असे नाही. गोचिडांमार्फत पसरणारा बबेसियाचा संसर्गही काही सिंहांत होता. उरलेल्या सिंहांसाठी अमेरिकेतून लस आणावी लागली. जगातील मुक्त आशियाई सिंहांचे एकमेव वसतिस्थान असलेल्या जंगलावर ही वेळ आली. त्यापूर्वी १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत याच विषाणूने सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजारभर सिंह नेले होते आणि तेथील माग आसपासच्या वस्त्यांमधील कुत्र्यांपर्यंत गेला होता. आपल्याकडेही सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात झालेल्या अभ्यासात गावकुत्र्यांच्या व खोकडांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे सापडली. कुत्रा आणि वन्यप्राणी एकाच मृत जनावरावर, एकाच पाणवठ्यावर येतात. विषाणूला त्याहून अधिक सोय लागत नाही. जंगलाच्या कडेला असलेल्या गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दृष्टीने म्हणूनच पिलाचे लसीकरण हे वनसंरक्षणाचेही काम ठरते.

चीक, आणि वाया जाणारी पहिली मात्रा

‘लस दिली होती, तरी पिलू गेले’ ही तक्रार खरी असते. ती ऐकून लसीवरचा विश्वास उडतो, म्हणून तिचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे.

वासराला चीक का पाजावा, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कुत्रीच्या पिलांचेही तसेच आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात प्यालेल्या चिकातून आईची प्रतिपिंडे पिलाच्या रक्तात येतात आणि पहिले काही आठवडे तीच त्याची ढाल असते. ही प्रतिपिंडे साधारण आठ-नऊ दिवसांनी निम्मी, पुढच्या तितक्याच दिवसांत त्याच्याही निम्मी, अशी उतरत जातात. प्रश्न असा की, डिस्टेंपरच्या लसीत दुर्बल केलेला पण जिवंत विषाणू असतो. पिलाच्या अंगात आईची प्रतिपिंडे पुरेशी असतील, तर ती रोगाच्या विषाणूला जशी मारतात तशीच लसीच्या विषाणूलाही मारतात. सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते, मात्र पिलाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागीच होत नाही.

त्यात एक काळ असाही येतो की, अंगातील प्रतिपिंडे लस निकामी करण्याइतकी असतात, परंतु बाहेरून आलेल्या खऱ्या संसर्गाला थोपविण्याइतकी नसतात. हा धोक्याचा काळ प्रत्येक पिलाचा वेगळा. ज्याने चीक भरपूर प्याला त्याचा उशिरा, ज्याला इतरांनी ढकलून दूर ठेवले त्याचा लवकर. एकाच वेळी व्यालेल्या कुत्रीच्या सहा पिलांपैकी एखाद्याला सहाव्या आठवड्यातली मात्रा लागू पडते, एखाद्याला बाराव्या आठवड्यातलीही लागू पडत नाही. बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा द्यावी, दर दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यावी, असा नियम आहे. सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेक सर्व पिलांच्या अंगातील आईची प्रतिपिंडे विरलेली असतात. नंतर सहा महिन्यांचे झाल्यावर किंवा वर्षाचे झाल्यावर एक मात्रा, आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. डिस्टेंपरची प्रतिकारशक्ती एकदा नीट बसली की ती काही वर्षे टिकते.

या मात्रा म्हणजे एकावर एक रचलेल्या विटा नव्हेत. पिलाच्या अंगाचे दार कधी उघडते हे ठाऊक नसल्याने आपण ठरावीक दिवसांनी ते पुन्हा पुन्हा ठोठावतो, एवढाच त्यांचा अर्थ. त्यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो आणि ग्रामीण भागासाठी तो सर्वांत मोलाचा आहे: परिस्थितीमुळे पिलाला आयुष्यात एकच मात्रा देणे शक्य असेल, तर ती सोळाव्या आठवड्यानंतर द्यावी. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेचा सल्लाही असाच आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पिलू घरी आणल्याच्या उत्साहात दीड महिन्याचे असताना एक सुई टोचली जाते आणि पुढे सारे विसरले जाते.

लस न मिळालेल्या प्रौढ कुत्र्याला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्यात. गाभण कुत्रीला ही जिवंत लस देऊ नये. तिचे लसीकरण माजावर येण्यापूर्वी पूर्ण असावे, म्हणजे चीकही कसदार मिळतो.

भाद्रपदापासून मोजावे

आता हे वेळापत्रक गावात कसे बसवावे? त्याचे उत्तर मराठी माणसाच्या बोलण्यातच आहे. कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदाचा, हे प्रत्येकाला ठाऊक असते. घरात बांधलेल्या कुत्र्या वर्षात केव्हाही माजावर येतात. मुक्त फिरणाऱ्या व शेतावरच्या कुत्र्यांचा हंगाम मात्र मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धातच असतो. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे गावातील बहुतेक पिले दिवाळीच्या आगेमागे जन्मतात. मार्गशीर्ष-पौषात ती सहा ते आठ आठवड्यांची होतात, आईपासून सुटून गल्लीत फिरू लागतात, माणसे त्यांना उचलून घरी नेतात. चिकाची ढाल याच दिवसांत झिजते, थंडीही याच दिवसांत असते, आणि जिथे पिले गर्दीने बिलगून झोपतात तिथे खोकला पसरायला वेळ लागत नाही. दिवाळीचे पिलू फाल्गुनी पौर्णिमेला, म्हणजे होळीला, सुमारे एकोणीस आठवड्यांचे होते. सोळा आठवड्यांची अट तेव्हा निर्धास्तपणे पूर्ण झालेली असते.

म्हणून ज्या गावात कॅलेंडर पाहून आठवडे मोजणे जमणार नाही, तेथे एवढेच सांगावे: दिवाळीच्या पिलाला संक्रांतीच्या सुमारास पहिली मात्रा, त्यानंतर महिन्याने दुसरी आणि होळीला शेवटची. ज्याला एकदाच येता येईल, त्याने होळीला यावे. उशिरा जन्मलेल्या पिलासाठी तेवढे दिवस पुढे ढकलावे.

आजची शिबिरे या वेळापत्रकाशी जुळत नाहीत, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. श्वानांसाठीची बहुतेक मोफत शिबिरे ६ जुलैच्या प्राणिजन्य रोग दिनाला किंवा २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला भरतात. त्या दिवशी हंगामातील पिले एकतर आईच्या पोटात असतात, नाहीतर त्यांचा पत्ताच नसतो. रेबीजसाठी प्रौढ कुत्री पकडण्याच्या दृष्टीने त्या तारखा ठीक आहेत. पिलांसाठी मात्र माघ-फाल्गुनात एक स्वतंत्र फेरी हवी. त्या फेरीत तीन महिने पूर्ण झालेल्या पिलांना रेबीजची लसही देता येते, त्यामुळे दोन्ही कामे साधतात. पशुवैद्यकीय दवाखाना, ग्रामपंचायत आणि कृषी विज्ञान केंद्र यांनी मिळून ही एक तारीख ठरविली, तर वेगळ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही.

शिबिरात घडणाऱ्या चुका

शिबिर म्हणजे चाळीस कुत्री एका पिंपळाखाली, असे चित्र असेल तर तेच शिबिर खोकल्याचे केंद्र ठरू शकते. वाडीनिहाय वेळ द्यावी. खोकणारा, नाक वाहणारा किंवा ताप असलेला कुत्रा शिबिरात आणू नये, हे दवंडीतच सांगावे. अशा कुत्र्यांची यादी करून शिबिर संपल्यानंतर त्यांच्या घरी जावे. आजारी जनावराला लस देण्याचा उपयोग कमी, आणि उद्या ते दगावले तर दोष लसीवर येतो. तापमापक प्रत्येक कुत्र्यानंतर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावा.

डिस्टेंपर, अ‍ॅडिनोव्हायरस, पार्व्हो व पॅराइन्फ्ल्युएन्झा यांची एकत्रित लस वाळविलेल्या वडीच्या रूपात एका कुपीत आणि तिचे द्रावक दुसऱ्या कुपीत येते. दोन्ही कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्यात. बर्फपेटीत बर्फाला थेट चिकटून ठेवू नये, कारण पुष्कळदा द्रावकातच लेप्टोस्पायरोसिसची लस असते आणि गोठली की ती खराब होते. दुसरीकडे, मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेली वडी दिसायला तशीच दिसते, पण तिच्यातील विषाणू मेलेला असतो. मिसळलेली लस लगेच, वेष्टनावर दिलेल्या वेळेतच वापरावी. वापरून टाकायची निर्जंतुक सुई व सिरिंज घ्यावी. जंतुनाशकाचा अंश राहिलेली सिरिंज जिवंत लसीला मारते.

आणखी एक चूक काटकसरीतून होते. पिलू लहान आहे म्हणून एक कुपी दोघांत वाटली जाते. लसीची मात्रा वजनावर ठरत नाही. दीड किलोच्या पिलालाही पूर्ण कुपी आणि तीस किलोच्या राखणदारालाही पूर्ण कुपी. अर्धी मात्रा म्हणजे दोन्ही पिले अर्धवट, आणि खात्री एकाचीही नाही.

सुई दिल्यावर वीस-तीस मिनिटे कुत्र्याला तेथेच थांबवावे. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलटी होऊन गळून जाणे ही तीव्र प्रतिक्रियेची लक्षणे क्वचित दिसतात आणि त्यांवर तत्काळ इंजेक्शन द्यावे लागते. एखादा दिवस मरगळ राहणे सामान्य आहे.

बोर्डेटेलासाठी नाकात थेंब सोडण्याची वेगळी लसही असते. प्रशिक्षण केंद्रे, पैदास केंद्रे, प्रदर्शने यांत जाणाऱ्या कुत्र्यांना ती दरवर्षी द्यावी. एरवी शेतावर एकटा राहणाऱ्या कुत्र्याला तिची तितकी निकड नाही. ती खोकला पूर्ण रोखतेच असे नाही, तीव्रता मात्र कमी करते. ही नाकातली जिवंत लस चुकूनही सुईने टोचू नये. टोचलेल्या जागी मोठा गळू होतो आणि यकृतालाही इजा पोहोचू शकते. वराह किंवा ससे पाळणाऱ्यांनी येथे एक नोंद घ्यावी: बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा जीवाणू वराहांच्या नाकाचा दाह व सशांची सर्दी यांतही असतो. खोकणारा कुत्रा डुकरिणीच्या प्रसूतिकक्षाजवळ किंवा सशांच्या पिंजऱ्यांखाली बांधू नये.

दारात कुत्रा खोकत असताना

सर्वप्रथम, घशात हाड आहे का पाहण्यासाठी तोंडात हात घालू नये. ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना समजावी. केनेल कफमधील ओकारी हुबेहूब हाड अडकल्यासारखी दिसते. आणि रेबीजच्या मूक प्रकारातही जबडा लोंबून, लाळ गळून, गिळता न आल्याने नेमके तसेच चित्र दिसते. कुत्र्याची लस झालेली असो वा नसो, लाळ गळणे, आकडी येणे, चाल बिघडणे, स्वभाव बदलणे यांपैकी काहीही दिसले तर पशुवैद्यक सांगेपर्यंत तो रेबीजच समजावा, कुत्र्याला बंदिस्त करावे आणि हातमोज्यांशिवाय त्याची लाळ हाताळू नये. चावा किंवा ओरखडा झाला असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन थेट दवाखाना गाठावा. डिस्टेंपरची आकडी आणि रेबीज यांतील फरक अंगणात उभे राहून ठरविण्याचे धाडस अनुभवी पशुवैद्यकही करीत नाही.

नुसताच खोकला असेल, तर त्या कुत्र्याला इतरांपासून वेगळे, वाऱ्याच्या झोताबाहेर पण हवेशीर जागी ठेवावे. चुलीचा धूर व भुशाची धूळ टाळावी. गळपट्टा सैल करावा किंवा छातीभोवती पट्टा बांधावा. दोन आठवडे धावपळ नको. त्याची भांडी व गोणपाट वेगळे, आणि त्याची देखभाल शेवटी: आधी निरोगी पिले, मग आजारी. एवढा क्रम पाळला तरी हाता-कपड्यांवरून होणारा प्रसार बराच थांबतो. खोकला थांबल्यावर लगेच त्याला मोकळे सोडू नये. बोर्डेटेला काही आठवडे आणि डिस्टेंपरचा विषाणू कधी कधी दोन-तीन महिनेही शरीराबाहेर पडत राहतो.

माणसांची औषधे देऊ नयेत. आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक या घरोघरी असलेल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही अंदाजाने देण्याची वस्तू नाही. जबडा धरून तेल, तूप किंवा काढा ओतण्याची रीत तर त्याहून घातक. खोकणाऱ्या जनावराच्या घशातील द्रव फुप्फुसात उतरतो आणि साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो. खाण्याला कोमट, मऊ, वासाचे अन्न द्यावे. नाक चोंदले की कुत्र्याला वास येत नाही आणि वास आला नाही की तो खात नाही. नाक-डोळे ओल्या स्वच्छ कापडाने पुसून काढावेत. प्रतिजैविक द्यायचे की नाही, कोणते व किती दिवस, हे पशुवैद्यकावर सोडावे.

एखादे पिलू डिस्टेंपरने गेले, तर ‘ही जागाच बाधित झाली, आता येथे कुत्रा जगणार नाही’ अशी समजूत पसरते. ती निराधार आहे. डिस्टेंपरचा विषाणू शरीराबाहेर नाजूक असतो. साबण, नेहमीची जंतुनाशके, ऊन व कोरडेपणा यांपुढे तो टिकत नाही. जागा घासून धुवावी, गोणपाट जाळावे, दोन-तीन आठवडे ऊन लागू द्यावे. खरी भीती पार्व्होची असते, कारण तो विषाणू मातीत अनेक महिने तग धरतो. कोणत्या आजाराने पिलू गेले याची खात्री नसेल, तर नवे पिलू मात्रा पूर्ण करूनच त्या जागी आणावे. बाहेरून आणलेला कोणताही कुत्रा, कितीही तुकतुकीत दिसो, पहिले दोन ते तीन आठवडे वेगळा बांधावा.

वाड्याबरोबर चालणारी पिले

सर्वांत अवघड प्रश्न स्थलांतर करणाऱ्या पशुपालकांच्या कुत्र्यांचा आहे. फलटण-खंडाळ्याकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि उन्हाळ्यात परततात. घोड्यावरच्या बिऱ्हाडात कोकरे व कोंबड्यांबरोबर दिवाळीची पिलेही असतात, म्हणजे लसीचे सगळे महिने ही पिले वाटेवर असतात. दर मुक्कामाला नवी गावकुत्री भेटतात. संक्रांतीची मात्रा एका तालुक्यात, पुढची दुसऱ्याच जिल्ह्यात. हिमाचलातील गद्दी मेंढपाळांची सोय त्या मानाने बरी: हिवाळ्यात ते कांगड्याच्या खालच्या टेकड्यांत उतरलेले असतात आणि उन्हाळ्यात वर लाहौलकडे जाण्यापूर्वी त्यांची कुत्री दवाखान्याच्या आवाक्यात सापडतात.

अशा ठिकाणी आपले दवाखाने ‘हे आमच्या कार्यक्षेत्रातील नाहीत’ असे म्हणतात, ते थांबले पाहिजे. वाडा जेथे बसला आहे, तेथील कार्यकर्त्याने मेंढ्यांच्या पीपीआर लसीकरणासाठी जाताना बर्फपेटीत श्वानांच्या चार कुप्या ठेवाव्यात. दुसरी गोष्ट कार्डाची. पिलाचा रंग व खूण, अंदाजे जन्मतिथी (तारीख सांगता आली नाही तर ‘दिवाळीआधी’ किंवा ‘दिवाळीनंतर’ एवढे तरी), लसीच्या कुपीवरचे चिकटपत्र, दिल्याची तारीख आणि पुढील मात्रेची तारीख एवढे त्यावर असावे. चिकटपत्रामुळे पुढच्या जिल्ह्यातील पशुवैद्यकाला नेमके काय दिले आहे हे विचारावे लागत नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मेंढ्यांच्या कागदांबरोबर ठेवायला सांगावे, आणि पुढील तारखेशेजारी मोठ्या अक्षरांत सण लिहावा: संक्रांत, शिवरात्र, होळी. वाड्यावर तारीख विसरली जाते, सण विसरला जात नाही.